आईचे चार दिवस

"शरू, शिवू नकोस. मी बाहेरची झालेय," मागच्या पडवीतून आई म्हणाली, आणि वेणीची रिबीन माझ्या हातात तशीच राहिली.

"आज?"

"मग काय मुहूर्त काढून व्हायचं?"

"आई, उद्या इचलकरंजीला निवड आहे. जिल्ह्याच्या संघाची. किती दिवस सांगतेय मी तुला."

"सांगतेयस की." तिने कोपऱ्यातली घोंगडी पायानेच उलगडली आणि भिंतीला टेकून बसली. "कणीक मळून ठेव. अण्णांना वेळेवर वाढ. श्रीपादच्या डब्यात लोणचं घालायला विसरू नकोस."

मी तेव्हा दहावीत होते. कुरुंदवाडला घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं घर होतं. अण्णा हायस्कुलात संस्कृत शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी गावात पूजा सांगायचे. श्रीपाद माझा थोरला भाऊ, मिरजेला कॉलेजात जायचा. घरात सोवळं-ओवळं कडक. बाई बाहेरची झाली की तिने मागच्या पडवीत बसायचं, ताट-वाटी वेगळी, तांब्या वेगळा, कुणाला शिवायचं नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन मग घरात. आत्या आमच्याकडे होती तोवर आईच्या दिवसांत ती चूल सांभाळायची. आत्या वारल्यावर ती चूल माझ्याकडे आली. आई बसली की माझी शाळा बुडायची. माझे स्वतःचे दिवस असले की मी पडवीत बसायची, पण शाळेला जायची, कारण शाळेला विटाळ नसतो असं अण्णांनीच ठरवलं होतं. म्हणजे माझ्या दिवसांत मला शाळा होती आणि आईच्या दिवसांत नव्हती. हे उलटंपालटं गणित कुणाला खटकत नव्हतं.

मला शाळेत एकच गोष्ट मनापासून यायची, ती म्हणजे खो-खो. रांगेत पाठीला पाठ न लावता आळीपाळीने उलट्या दिशेला तोंड करून बसायचं, मागून खो मिळाला की झटकन उठून पळायचं, आणि खो देणारी आपल्या जागेवर बसते. मी उठायला फार चपळ होते. खेळाच्या चौगुले बाई म्हणाल्या होत्या, "टेंबे, उद्या आलीस तर तू संघात आहेस. नाही आलीस तर तुझ्यासाठी कुणी थांबणार नाही." सकाळची पहिली एस.टी. पकडायची होती. स्वयंपाक उरकून ती मिळाली नसती, आणि आदल्या दिवशीचं शिळं अण्णांना चालत नसे.

मी त्या दिवशी भांडी आदळत स्वयंपाक केला. पोळ्या जाड झाल्या. अण्णांनी पोळी उजेडाला धरून पाहिली. पडवीतून आई सूचना देत होती. खरं सांगायचं तर लहानपणी मला आईचे हे दिवस फार आवडायचे. एरवी ती उजाडायच्या आधीपासून चुलीपाशी, मग विहिरीपाशी, मग जात्यापाशी. तिच्याशी बोलायचं म्हणजे तिच्या मागे मागे फिरायचं. पडवीत बसली की मात्र ती गोष्टी सांगायची. माहेरच्या माणसांच्या नकला करायची. मासिकांचे जुने अंक पालथे पडून वाचायची आणि दुपारी चक्क घोरायची. तिला शिवता येत नसे, पण ती भेटायची ती त्याच दिवसांत.

आता मात्र तिचं ते निवांत टेकून बसणं माझ्या डोळ्यांत खुपत होतं.

दुपारी सगळं आवरून मी न्हाणीच्या मागे गेले. माझे दिवस जवळ आले होते, म्हणून धुतलेल्या कपड्यांचं माझं गाठोडं काढून ठेवावं म्हटलं. तिथे भिंतीत एक कोनाडा होता. त्यात दोन गाठोडी असायची, पुढे माझं, मागे आईचं. माझं काढताना आईचं खाली पडलं आणि सुटलं. जुन्या लुगड्याच्या घड्या कडक झाल्या होत्या, त्यांना वास नव्हता, आणि मधल्या घडीत पालीची दोन अंडी होती. पांढरी, शाबूत.

मी तिथेच उकिडवी बसले. दर महिन्याला वापरायच्या कपड्यात पाल अंडी घालत नाही. मग मला आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती इतके दिवस कशी सुचली नाही याचं नवल वाटलं. आत्या गेल्यापासून आईचे दिवस आणि माझे दिवस कधीच एकत्र आले नव्हते. एकदाही नाही. आम्ही दोघी एकदम बसलो असतो तर घर अडलं असतं, आणि घर कधी अडलंच नव्हतं. शेजारच्या गोदूकाकू त्याला देवाची कृपा म्हणायच्या.

पडवीत आई एकटीच सागरगोटे खेळत होती. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत बाकीचे उचलायचे. तिचा हात पोरीसारखा चालायचा.

"आई, तुझ्या गाठोड्यात पालीनं अंडी घातलीत."

वर उडालेला सागरगोटा तिच्या हातात आलाच नाही. घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबला.

"फेकून दे," ती म्हणाली.

"कधीपासून येत नाही तुझी?"

"हळू बोल."

"कधीपासून?"

"गेल्याच्या गेल्या दसऱ्यापासून." तिने पदर सारखा केला. "लवकरच गेली माझी. माझ्या आईचीही लवकरच गेली होती म्हणे."

"म्हणजे इतके दिवस तू खोटंखोटं बसतेयस? आणि मी शाळा बुडवून भाकऱ्या थापतेय?"

"थापतेस त्या जाडच."

मला रडू येत होतं आणि तिला चेष्टा सुचत होती. "दमले असशील तर अण्णांना सांगायचंस की, दमले म्हणून. निजायचंस."

आई हसली. अगदी मनापासून हसली, आणि तेच मला सहन झालं नाही. "अगं, नुसत्या दमलेल्या बाईला उठवता येतं. 'जरा चहा टाकतेस का' म्हटलं की संपलं. विटाळातल्या बाईला कुणी उठवत नाही. तुझे अण्णा इतरवेळी पाण्याचा तांब्या हातात मागतात. मी इथे बसले की स्वतः भरून घेतात. बघितलंयस ना? महिन्यातून चार दिवस मी देवालासुद्धा नको असते. इतकी सुटका दुसऱ्या कशानं मिळेल मला?"

"मग मला कशाला बसवतेस? मला कुठे सुटका हवीय? मला आत झोपायचं असतं, लोणच्याला हात लावायचा असतो. मी तुला कितीदा म्हटलं की हे सगळं थोतांड आहे, तर थोबाडीत मारलीस मला."

"मारली."

"का मारलीस? तुलाही ठाऊक होतं की थोतांड आहे."

विहिरीवर कुणाचा तरी रहाट करकरत होता. मग ती म्हणाली, "तुला सोडलं तर मला कोण बसू देईल?"

पायाशी आलेला सागरगोटा मी पायानेच तिच्याकडे ढकलला.

"घरात दोनच बाया आपण. एकीनं पाळलं नाही की दुसरीचं पाळणं म्हणजे ढोंग. मग तुझे अण्णा म्हणणार, पोरीला काही होत नाही, तर तुला काय होतंय. ऊठ. म्हणून तुला बसवायचं. कडक बसवायचं."

"आणि माझी शाळा?"

"माझीही गेली. तिसरीतून काढलं मला, ह्याच कामाला. आईच्या दिवसांत घर बघायला."

"मग तुझी आईसुद्धा…"

"ते मी कधी बघितलं नाही," आई म्हणाली. "तुझ्याइतकी चौकस नव्हते मी. बघायला हवं होतं."

"मी अण्णांना सांगते."

"सांग." तिने सागरगोटे गोळा करायला घेतले. "फक्त जेवण झाल्यावर सांग. उपाशीपोटी फार चिडतात ते."

तिला पक्कं ठाऊक होतं की मी सांगणार नाही. अण्णांसमोर आईच्या पाळीचा विषय काढायचा म्हणजे माझी जीभ झडली असती. त्या विषयाला आमच्या घरात शब्दच नव्हता. 'बाहेरची' हा एकच होता, आणि त्याच्या पलीकडे कुणी काही विचारत नसे. कोण खरी बाहेरची, कोण खोटी, हे तपासायची सोयच नव्हती. हे मला रात्री अंथरुणात उमगलं, आणि मग मला गाढ झोप लागली.

सकाळी अण्णा आंघोळ करून ओलेत्याने देवघराकडे निघाले होते. मी माझी वाकळ उचलली, पडवीत आईच्या शेजारी हातभर अंतर ठेवून टाकली आणि बसले.

"अण्णा, मीही बाहेरची झालेय."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. पण ती काय बोलणार? तिने मला खोटं पाडलं असतं तर मी तिला पाडलं असतं. दोघींच्या शेंड्या एकमेकींच्या हातात होत्या.

"दोघी?" अण्णा थांबले. त्यांच्या पंच्यातून पाणी ठिबकत होतं. "एकदम? असं कसं?"

मी वाकळीचा काठ सारखा केला.

"आज नैवेद्य आहे. गुरुवार आहे आज." त्यांनी देवघराकडे नजर टाकली. "देवाला दूधसाखर दाखवता येईल. देवाचं भागेल. आमचं काय? श्रीपादला गाडी पकडायचीय, मला शाळा आहे."

"मी बटाटे उकडतो," श्रीपाद आतून म्हणाला.

"तुला स्टोव्ह तरी पेटवता येतो का? घर जाळशील."

"गोदूकाकूंना सांगा," आई म्हणाली. "त्या देतील करून."

"दुसऱ्याच्या चुलीवरचं मी खातो का कधी?" विचार करताना अण्णा जानव्याची गाठ चाचपायचे, तशी चाचपत होते. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. "हे बघ. शरूचा पहिलाच दिवस आहे. तुझा निदान दुसरा. तू डोक्यावरून पाणी घे आणि स्वयंपाकाला लाग."

आईला ते नीट ऐकू आलं नसावं असं मला वाटलं. ती तशीच बसून होती.

"दुसऱ्या दिवशी?" ती म्हणाली.

"अडचणीला चालतं. शास्त्रात सोय आहे तशी."

"कुठे आहे?"

आईने अण्णांना आधार विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला. अण्णांनाही ते नवं होतं. "आता तुला पोथी काढून दाखवू का मी? सांगतोय ना."

"श्रीपादच्या वेळची गोष्ट आहे," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तो वर्षाचा होता. मी अशीच बसले होते इथे, थंडीतापानं नुसती कुडकुडत होते. पौष महिना होता. मी तुम्हाला म्हटलं, मला आत घ्या. तुम्ही म्हणालात, शास्त्रापुढे माझा इलाज नाही. तेव्हा ही सोय नव्हती का त्यात?"

"कधीच्या काय गोष्टी काढतेस. उशीर होतोय मला." आणि अण्णा देवघरात गेले. थोड्याच वेळात आतून घंटा वाजायला लागली.

आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, एकेक करत उठली. माझ्या शेजारून जाताना तिने लुगड्याचा काठ आवरून धरला, माझा विटाळ होऊ नये म्हणून. मी खोटी बसलेय हे तिला माहीत होतं, तरी धरला. न्हाणीत तिने घागर डोक्यावर उपडी केल्याचा आवाज ऐकला, आणि मी पिशवी घेऊन मागच्या दाराने धूम ठोकली. मला एस.टी. मिळाली.

त्या दिवशी मी जशी खेळले तशी पुन्हा कधी खेळले नाही. मला खेळताना काही आठवत नव्हतं, ना आई, ना अण्णा. खो मिळाला की उठायचं आणि पळायचं, बस. शेवटच्या डावात मी समोरच्या संघाची सर्वांत चपळ पोरगी खांबापाशी धरली, तेव्हा चौगुले बाईंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पुढे पडले. माझी निवड झाली. परतीच्या गाडीत मी खिडकीतून तोंड बाहेर काढून वाऱ्याला जीभ दाखवत होते.

घरी आले तेव्हा आई चुलीपुढे होती.

"झाली निवड?"

"झाली."

"बरं झालं." तिने वळून पाहिलं. मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात म्हणाली, "तिकडेच थांब. पडवीत बस. तुझे चार दिवस व्हायचेत अजून."

"आई, तुला माहितेय ना मी…"

"मला माहितेय. अण्णांना नाही माहीत."

मग मी बसले. आईच्या घोंगडीवर, कारण माझी वाकळ पातळ होती. आईचंच ताट, आईचाच तांब्या. पडवीतल्या कोनाड्यात सागरगोटे ठेवलेले होते, त्यांना मी हात लावला नाही. आतून लाटण्याचा, पळीचा, विहिरीच्या दोराचा आवाज यायचा, आणि धडधाकट मी भिंतीला टेकून तो ऐकत राहायची. आई वरून ताटात वाढायची, दुरून पाणी ओतायची. माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. तिने आता गोष्ट सांगावी, नक्कल करावी, असं मला फार वाटत होतं. पण ती उभी होती, आणि उभ्या आईला गोष्टी येत नसत.

शेवटच्या दिवशी मी विचारलं, "रागावलीस का माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला? तुला पळायचं होतं, तू पळालीस." ती पातेल्यातला भात उकरत होती. "मला वाटायचं गं, सगळ्या घरात एवढा एक कोपरा असा आहे की तिथून मला कुणी उठवू शकत नाही. वर परमेश्वर आणि खाली शास्त्र, दोघं मिळून राखण करतायत. आणि तुझ्या अण्णांनी मला कशासाठी उठवलं? आमटीभातासाठी." तिने पळी पातेल्यावर आपटली. "तो कोपरा कधी नव्हताच. त्याच्यापायी मी तुला थोबाडीत मारली."

ताट रिकामं होतं, त्यात तिने भात वाढला.

त्यानंतर आई कधी बाजूला बसली नाही. अण्णांनी एकदाही विचारलं नाही, का बसत नाहीस म्हणून. त्यांच्या ते ध्यानात आलं असेल असं मला वाटत नाही. थोड्याच दिवसांत माझी खरोखरच पाळी आली, पोटात कळा येत होत्या, आणि मी सवयीने पडवीकडे निघाले, तर आई म्हणाली, "कुठे निघालीस? कणीक मळ. आता ह्या घरात कुणी बसायचं नाही." घोंगडी तिने धुऊन माळ्यावर टाकली. काही वर्षांनी अण्णा लोकांना सांगायला लागले, "आमच्याकडे आम्ही हे सगळं केव्हाच बंद केलं. काळाबरोबर चालायला हवं." गावात त्यांना सुधारक म्हणत. आई लोकांना चहा द्यायची आणि ऐकायची.

मी पुढे तत्त्वज्ञान घेतलं, पुण्यात शिकवायला लागले. लग्न केलं नाही, त्यामुळे मुलगी होण्याचा प्रश्न आला नाही. अण्णा गेल्यावर आई माझ्याकडे आली. गॅलरीत खुर्ची टाकून ती दिवसभर बसायची, आणि तिला कुणी उठवत नसे. पण गोष्टी तिला पुन्हा आल्या नाहीत. मी एकदा हौसेने सागरगोटे आणून दिले, तर म्हणाली, "हात थरथरतात आता."

एका संध्याकाळी मी कॉलेजातून दमून आले. एम.ए.च्या मुलींचा तास जोरात झाला होता, मी अजून त्याच तंद्रीत होते.

"आज काय शिकवलंस?" आईने विचारलं. ती रोज विचारायची.

"बायका स्वतःच स्वतःची बंधनं कशा राखत बसतात, ते."

"मग मला न्यायचंस की," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं." आणि कितीतरी दिवसांनी हसली. मीही हसले. हात धुऊन स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर पोळ्यांचा डबा होता, भाजी झाकलेली होती.

"अंजना आली नव्हती आज," गॅलरीतून आई म्हणाली. अंजना माझ्याकडे स्वयंपाकाला यायची. "पोरीला पाठवलं तिनं. ती करून गेली सगळं."

"बरं झालं. खाडा नाही केला."

"शाळेच्या गणवेशात होती. मी म्हटलं, शाळा नाही का गं आज? म्हणाली, आईची पाठ धरलीय, म्हणून आज नाही गेले."

"हो, अंजनाची पाठ धरते मधूनमधून. महिन्यातून एकदोनदा तरी."

मला वाटलं, तिचा डोळा लागला.

"खरंच धरते का गं?"

"मला काय ठाऊक, आई? मी कशी बघणार?"

"तू नाही," आई म्हणाली. "पोरीला ठाऊक असेल."

मी डब्याचं झाकण उघडलं. पोळ्या जाड होत्या, कडेला कच्च्या होत्या, आणि अजून गरम होत्या. मला भूक लागली होती. मी ताट घेतलं आणि जेवायला बसले.